समुद्रकाठी जुनी पेट्रोल फोर-बाय-फोर घेताना

पावस सोडून पूर्णगडाकडे निघालेला रस्ता प्रथम कातळाच्या सड्यावरून धावतो आणि मुचकुंदीच्या खाडीचे पाणी दृष्टीस पडते न पडते तोच उताराला लागतो. एवढ्या प्रवासास कोणतीही चारचाकी पुरेशी आहे. परंतु या बाजूच्या बहुतेक कुटुंबांचा खरा व्यवहार डांबर संपते तेथून पुढे सुरू होतो : गडग्यांच्या मधून गेलेली जुनी गाडीवाट, तिच्यावरची पावसाळ्यात लोण्यासारखी निसरडी होणारी तांबडी माती, मध्येच आडवा येणारा वहाळ, आणि या साऱ्यापलीकडे वडिलोपार्जित कलमांची बाग. भर पावसात कलमांच्या आळ्यांत खत घालावयाचे असते, जुलै-ऑगस्टात कल्टार द्यावयाचे असते, मोहोर येऊ लागला की फवारणीचा पंप व पाण्याच्या टाक्या वर न्यावयाच्या असतात, आणि चैत्र-वैशाखात भरलेल्या पेट्या त्याच वाटेने खाली आणावयाच्या असतात. ज्यांची मिळकत बेताची आहे व नव्या गाडीची किंमत ज्यांच्या आवाक्याबाहेर आहे, अशा गृहस्थांनी चारही चाकांना बळ देणारी जुनी पेट्रोल गाडी कशी पारखून घ्यावी, याविषयी गेल्या काही वर्षांत मला अनेकांनी विचारले व अनेकांनी गाडी पाहावयास सोबतही नेले. त्या अनुभवाच्या आधारे हे चार शब्द लिहीत आहे.

सर्वप्रथम अशा गाडीची आपणास गरज आहे किंवा नाही, याची प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे रुजवात घालावी. गेल्या वर्षभरात आपली किंवा भाड्याची साधी गाडी वाटेत रुतून काम अडले असे दिवस किती, हे मोजावे. ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील, तर चांगल्या खोल नक्षीचे टायर आणि वाटेच्या दोन अवघड वळणांवर टाकलेली जांभ्याची खडी यांनी तेच काम पुष्कळच कमी खर्चात होते, आणि तसे करण्याचा सल्ला मी निःसंकोचपणे देईन. चारही चाकांना बळ देणाऱ्या गाडीत एक जादा गिअरपेटी, एक जादा डिफरन्शियल व एक जादा प्रॉपेलर शाफ्ट असतो, आणि या प्रत्येकाचे तेल, सील व बेअरिंग हा मालकाच्या माथी येणारा कायमचा खर्च असतो, हे विसरून चालणार नाही.

गरज निश्चित झाल्यावर पेट्रोल की डिझेल हा प्रश्न उरतो. ज्यास रोज टनाने माल ओढावयाचा आहे त्याने डिझेलच घ्यावे. परंतु ज्याची गाडी महिन्याकाठी जेमतेम तीनशे-चारशे किलोमीटर चालते, एका वेळी पाच-सात किलोमीटरांपलीकडे क्वचितच जाते, आणि आषाढ-श्रावणात पडवीच्या कडेला आठ-आठ दिवस उभी राहते, त्यास पेट्रोलचे यंत्र अधिक मानवते. ते हलके असते, थंड असताना लवकर सुरू होते, त्याची दुरुस्ती रत्नागिरीतील साधा मेस्त्रीही करू शकतो. उलट एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांतील काजळी धरणाऱ्या जाळीस ती जाळून मोकळी करण्यासाठी लांबचा व तापलेला प्रवास लागतो, जो बागेच्या गाडीच्या नशिबी नसतो. पेट्रोल अधिक जळेल हे खरे आहे, पण महिन्याला तीस-चाळीस लिटर जाळणाऱ्याने त्या फरकासाठी गुंतागुंतीचे यंत्र गळ्यात बांधून घेऊ नये.

आता गाडी कोणती ? आपल्या देशात बेताच्या पैशांत मिळणारी पेट्रोल फोर-बाय-फोर म्हटली की नाव एकच पुढे येते, आणि ते मारुती जिप्सीचे. १९८५ च्या अखेरीस ही गाडी बाजारात आली तेव्हा तिचे यंत्र ९७० सीसीचे व गिअर चार होते. १९९६ मध्ये १२९८ सीसीचे यंत्र व पाच गिअर असलेली जिप्सी किंग आली. २००० सालाच्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन त्या जागी एमपीएफआय पद्धतीची इंधनयोजना आली व यंत्राची ताकद ऐंशी अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन थांबले. पुढे-मागे अखंड आस, चारही बाजूंस पाटे, शिडीच्या आकाराची भक्कम चासी आणि टनाच्या आसपास वजन, अशी तिची साधी बांधणी आहे. सैन्यदलाने ती अनेक वर्षे वापरली, आणि त्यामुळेच तिचे सुटे भाग आजही कोल्हापूर-पुण्याच्या बाजारात मिळतात. शक्य असेल त्याने २००० नंतरची एमपीएफआय जिप्सीच पाहावी, कारण पावसाळी हवेत कार्ब्युरेटर फार त्रास देतो.

जिप्सीच्या आधीच्या पिढीत महिंद्रांची जीप येते. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली आणि उंच बॉनेटची, हरिकेन पेट्रोल यंत्राची सीजे-३बी पुढे दशकानुदशके आपल्या खेड्यापाड्यांत वावरली. अशा गाडीविषयी जिव्हाळा वाटणे स्वाभाविक आहे, पण एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. त्यांतील पुष्कळ गाड्यांत मालकांनी इंधनाच्या खर्चापायी मूळ यंत्र काढून डिझेलचे यंत्र बसविलेले असते. कागदावर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल अशी स्थिती असेल व त्या बदलाची नोंद आर.सी. बुकात नसेल, तर ती गाडी कितीही गोंडस असली तरी घेऊ नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार केलेल्या गाड्यांविषयी कठोर निर्णय दिलेला आहे. तेव्हा टप कापून उघड्या केलेल्या किंवा अवाढव्य टायर चढविलेल्या जिप्सींनाही तीच सावधगिरी लागू आहे. होंडा सीआर-व्ही, मित्सुबिशी आउटलँडर या आयातवळणाच्या पेट्रोल गाड्या जुन्या बाजारात आश्चर्य वाटावे इतक्या स्वस्त दिसतात, परंतु त्यांची चार चाकांची व्यवस्था ओल्या डांबरासाठी आहे, बागेच्या चढासाठी नव्हे, आणि एखादा भाग मोडला तर त्याची किंमत गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. २०२० ची पेट्रोल थार व २०२३ ची जिम्नी या उत्तम गाड्या आहेत. मात्र जुन्या असूनही त्या अद्याप बेताच्या अंदाजपत्रकात बसत नाहीत.

आता मी ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावयास घेतला तो सांगतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाने जुनी गाडी घेताना आधी चासी पाहावी व यंत्र नंतर पाहावे. गिऱ्हाईक येते, बॉनेट उघडते, यंत्र सुरू करून कान देते, आणि आवाज गोड लागला की किमतीच्या बोलण्यास बसते. हा क्रम घाटावर कदाचित चालत असेल, आपल्याकडे तो घातक आहे. यंत्र सोडविता येते, बोअर करता येते, प्रसंगी दुसरे आणून बसविता येते. खाऱ्या वाऱ्याने व दमट हवेने आतून खाल्लेली चासी मात्र पूर्ववत करता येत नाही.

याचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्याच एका गावात मी एक जिप्सी घेतली होती. यंत्र सुरेख होते, आतली बैठक नवी केलेली होती, आणि गाडीचा तळ डांबरासारख्या काळ्या लेपाने इतका तुकतुकीत दिसत होता की मालकाने गाडी फार जपली असावी अशी माझी समजूत झाली. दुसऱ्या पावसाळ्यात खताच्या गोण्या घेऊन बागेच्या उतारावरून जात असताना मागच्या डाव्या पाट्याचे बुड चासीतून उपटून निघाले आणि गाडी त्या बाजूस बसली. मेस्त्रीने खाली निजून स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तो काळा लेप खरवडला, तेव्हा त्याखाली लांबी भरलेली निघाली, लांबीखाली पातळ पत्र्याचे ठिगळ निघाले, आणि ठिगळाखाली लोखंड म्हणावे असे काही उरलेलेच नव्हते. तांबूस-काळे पापुद्रे त्याच्या तळहातावर भाजलेल्या पापडासारखे चुरत होते. त्या दिवसापासून ताजा काळा लेप फासलेली गाडी मी विकत घेण्याच्या विचारातूनच वगळतो.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की, गाडी शक्यतो घाटावरची घ्यावी. आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जावे, किंवा सांगली, सातारा, सोलापूर या कोरड्या हवेच्या मुलखात शोध करावा. तिकडची गाडी अधिक धावलेली असेल, तिचा रंग उन्हाने विटलेला असेल, पण तिचे हाड शाबूत असण्याचा संभव पुष्कळच जास्त. घराजवळची गाडी ओळखीची म्हणून घेण्यात जी सोय आहे तिच्यापेक्षा हा लाभ मोठा आहे.

पाहणीस जाताना सोबत एक विजेरी, एक लहान हातोडी, जुनी चटई आणि लोहचुंबकाचा तुकडा न्यावा. मालकाची परवानगी घेऊन गाडीखाली निजावे व चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर, विशेषतः पाटे जेथे अडकविलेले असतात त्या ठिकाणी व मागच्या आडव्या पट्टीवर, हातोडीने हलके ठोके मारीत जावे. निरोगी लोखंड ‘ठण्’ असा मोकळा नाद देते. गंजाने पोखरलेली जागा ‘थप्’ असा मातीच्या मडक्यास तडा गेल्यासारखा आवाज करते, आणि हा फरक एकदा कानाने टिपला की तो पुन्हा चुकत नाही. पेडलांच्या खालची पायघडी उचलून तळपत्रा पाहावा, दाराच्या खालच्या कडा बोटाने दाबाव्यात, समोरच्या काचेच्या बुडाशी चुंबक फिरवावा. जेथे तो चिकटत नाही तेथे पत्र्याऐवजी लांबी आहे असे समजावे. ब्रेकच्या तेलाच्या बारीक नळ्याही याच वेळी पाहाव्यात. वरच्या पत्र्याचा किरकोळ गंज हा किंमत कमी करण्याचा विषय आहे. चासीचा गंज हा उठून घरी जाण्याचा विषय आहे. मालकाने खाली निजू देण्यास हरकत घेतली, तरीही घरीच जावे.

चासी पसंत पडल्यावर चार चाकांची यंत्रणा तपासावी, कारण अनेक विक्रेत्यांनी ती वर्षानुवर्षे वापरलेलीच नसते. जिप्सीची व्यवस्था अर्धवेळ आहे, म्हणजे एरवी मागची चाके चालतात व गरज पडेल तेव्हा लिव्हरने पुढची जोडावयाची असतात. काही गाड्यांत पुढच्या चाकांच्या हबवर हाताने फिरवावयाची कळ असते. ती फिरते की गंजून बसली आहे, हे आधी पाहावे. ही परीक्षा कोरड्या डांबरावर कदापि घेऊ नये, कारण पुढच्या व मागच्या आसांना वळणात वेगवेगळे अंतर कापावे लागते, आणि टायरांना घसरण्यास वाव नसला की तो ताण गिअरपेटीवर येतो. मोकळ्या मातीच्या जागी गाडी न्यावी, प्रथम फोर-हाय व नंतर गाडी थांबवून फोर-लो टाकावे, आणि एखाद्या चढावर हळूहळू चढवून तशीच अॅक्सिलरेटर सोडून उतरावी. उतरताना लिव्हर आपोआप उडून न्यूट्रलला आली, तर ट्रान्सफर-केस झिजलेला आहे. गाडी सुटताना ‘कटक’ असा आवाज आला तर शाफ्टचे क्रॉस गेलेले असतात. हा खर्च लहान आहे. वेग सोडताना मागून ओरडल्यासारखा सूर येत असेल, तर क्राउन-पिनियनचे काम निघेल, आणि तो खर्च लहान नाही. साठाच्या वेगाजवळ स्टिअरिंग हातात थरथरू लागले, तर पुढच्या नकल्सच्या बेअरिंगांकडे संशयाने पाहावे; तेथूनच तेल गळून चाकाच्या आतल्या बाजूस काळा चिखल साचलेला बहुधा आढळतो.

एक तपासणी बहुतेक लोक करीत नाहीत, ती मी अवश्य करवितो. पुढच्या व मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट सैल करून चमचाभर तेल पांढऱ्या बशीत घ्यावे. तेल काळे असेल तर ते जुने आहे एवढाच अर्थ होतो. ते दुधाळ चहासारखे दिसले, तर आत पाणी गेलेले आहे आणि गाडी कधीतरी ओढ्यात, पुरात किंवा समुद्राच्या पुळणीवर बुडलेली आहे.

यंत्राविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते कोणताही जाणता मेस्त्री पाहू शकतो. आपण पोहोचण्यापूर्वी यंत्र तापविलेले नसावे. बॉनेटवर हात ठेवून याची खात्री करावी. अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना निळसर धूर आला तर तेल जळते आहे. तेल भरण्याच्या झाकणाखाली साईसारखा थर असेल तर गॅस्केटची शंका घ्यावी. जिप्सीच्या यंत्रात टायमिंगचा पट्टा असतो. तो बदलल्याची पावती नसेल तर तो बदलावयाचाच आहे असे धरून हिशेब करावा. याशिवाय एक नवी गोष्ट. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या व गॅस्केटे त्या हिशेबाने बनविलेल्या नसतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. जुन्या गाडीच्या इंधननळ्या घेतल्याबरोबर बदलून टाकाव्यात, आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवावयाची असेल तर टाकी अर्धवट रिकामी ठेवू नये.

आता दस्तऐवजांचा विषय, ज्यात दिरंगाई केल्याने भल्या माणसांना मनस्ताप झालेला मी पाहिला आहे. चासीवर ठोकलेला क्रमांक स्वतः घासून वाचावा व आर.सी. बुकाशी अक्षरशः ताडून पाहावा. यंत्राच्या क्रमांकाचेही तसेच. बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा असेल तर तो उतरविल्याचा नमुना ३५ आणि बँकेचा दाखला हाती आल्याशिवाय इसाऱ्यापलीकडे एक पैसाही देऊ नये, आणि इसाराही पावतीवाचून देऊ नये. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण, ज्यास लोक पासिंग म्हणतात, करून घ्यावे लागते. १ एप्रिल २०२२ रोजी मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेले होते, आणि त्यावर पर्यावरण कर वेगळा असतो. आज मिळणाऱ्या बहुतेक जिप्सी पंधरा वर्षांच्या पुढच्याच असल्याने पासिंगची मुदत किती उरली आहे हे किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. मुदत संपलेली गाडी ‘करून देतो’ या तोंडी आश्वासनावर घेऊ नये.

दिल्लीकडच्या गाड्यांविषयी विशेष सावध राहावे. राजधानी परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या जिप्सी स्वस्तात बाहेर पडतात व त्यांच्या किमती ऐकून मन मोहते. परंतु परराज्यातील गाडी आणताना तेथील परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, लागतो. येथे नव्याने नोंदणी करून एमएच-०८ क्रमांक घ्यावा लागतो व महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा सारा खर्च, वाहतूक व एजंटाची मजुरी धरली की स्वस्ताई पुष्कळ अंशी ओसरते. सैन्याच्या लिलावातील गाड्यांचेही असेच आहे : गाडी कणखर असते, पण लिलावाचे मूळ कागद व नागरी नोंदणी यांची साखळी कोठेही तुटलेली नसावी.

हस्तांतरणाचे अर्ज, म्हणजे नमुना २९ व ३०, पैसे देतानाच सही करून घ्यावेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे एकाच राज्यातील व्यवहारात विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवावयाचे असते. विकणारा जर आपल्या नात्यातील वा गावातील असेल, तर या मुदतीकडे दुर्लक्ष होते, आणि तेच त्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे आहे. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच राहते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे वेगळा अर्ज द्यावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीवर उच्चसुरक्षा नोंदणीपट्टी बसलेली आहे की नाही, तेही पाहून घ्यावे.

किमतीच्या बाबतीत मी एकच हिशेब सांगतो. हाताशी जेवढी रक्कम आहे तिचा पाव हिस्सा गाडीसाठी नव्हे, तर गाडी घरी आल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांसाठी वेगळा काढून ठेवावा. चार लाख असतील तर गाडी तीन लाखांची पाहावी. टायर पाचही एकाच मापाचे व सारख्या झिजेचे लागतात, कारण चार चाके जोडल्यावर लहान-मोठ्या टायरांची तफावत थेट गिअरपेटीस भोवते. बॅटरी, टायमिंगचा पट्टा, क्लच, पाट्यांची बुशे व सर्व पेट्यांचे तेल एवढ्यांतच तो लाख कसा संपतो हे कळतही नाही. ज्याने साऱ्याच पैशांची गाडी घेतली त्याची गाडी पुढे सहा महिने पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली मी पाहिली आहे.

गाडी घरी आली की तळाचा गंज खरवडून, गंजरोधक लावून व नंतर मेणाचा पातळ फवारा चासीच्या पोकळ भागांत मारून घ्यावा. जाड काळा लेप लावू नये, त्याखाली पाणी कोंडते. बंदरावरून मासळीच्या टोपल्या आणल्या तर त्याच संध्याकाळी मागचा भाग गोड्या पाण्याने धुवावा. गावखडीच्या पुळणीवर गाडी घालण्याचा मोह तर कोणीही धरू नये : त्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालावयास येतात, आणि खारे पाणी एकदा ब्रेकच्या ड्रमात व हबात शिरले की ते विहिरीच्या पाण्याने कितीही धुतले तरी पुरते निघत नाही. पावसाळा संपून दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुण्यास काढाल, तेव्हा हार घालण्यापूर्वी ती पांढरी बशी पुन्हा एकदा बाहेर काढावी, दोन्ही डिफरन्शियलचे चमचाभर तेल तीत घ्यावे, आणि ते दुधाळ झालेले असेल तर दिवाळीची वाट न पाहता सील बदलून घ्यावे.